नांव, पत्ता आणि बिऱ्हाड
(नभोवाणीवरील भाषण)

पुण्यास नवखा आलेला पाहुणा शहरांत हिंडूं लागला म्हणजे येथील देवांचीं नांवें ऐकून प्रथम चकित होतो. जिलब्या मारुती, भिकारदास मारुती, डुल्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर! देवांना अशीं नांवें कां पडलीं याच्या कथा पुष्कळ आहेत. पण आज मला त्या सांगावयाच्या नाहींत. मला आपलें लक्ष वेधावयाचें आहे तें या नांवांच्या एका गुणाकडे. हीं नुसतीं नांवें नव्हत, हे पत्ते आहेत. 'पासोड्या विठोबाजवळ' एवढें सांगितलें कीं रिक्षावाला पुढें कांहीं विचारीत नाहीं. त्या जागेस नगर भूमापनाच्या दप्तरांत एक क्रमांक असतो, पण तो कोणाच्या तोंडीं नसतो. माणूस नांव लक्षांत ठेवतो, दप्तर आंकडा लक्षांत ठेवतें. आणि या दोहोंची सांगड घालून देणारा कोणी तरी मध्यें लागतो.

इंटरनेटचें जग याहून निराळें नाहीं. त्या जाळ्यास जोडलेल्या प्रत्येक यंत्राला आंकड्यांचा एक पत्ता असतो. जुन्या पद्धतीच्या पत्त्यांत ० ते २५५ यांमधील चार आंकडे टिंबांनीं जोडलेले असतात. यंत्रास ते ठीक. पण अशा आंकड्यांची माळ मनुष्यानें कोठवर जपावी? म्हणून आंकड्याच्या जागीं नांव आलें. त्यालाच आपण 'डोमेन' म्हणतों. या नांवांचा इतिहास पन्नास वर्षांचाहि नाहीं. परंतु त्यांत मुंबईचा आणि पुण्याचा जो भाग आहे तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाहीं. आज तोच थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

अमेरिकेंत हें जाळें लहान होतें तोंवर सगळ्या यंत्रांचीं नांवें एका यादींत मावत. ही यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेंत एलिझाबेथ फाइनलर यांच्या कचेरींत ठेविली जाई. नवें यंत्र जोडणाऱ्यानें तेथें कळवावें आणि इतरांनीं वेळोवेळीं ती यादी उतरवून घ्यावी, असा परिपाठ होता. जाळें वाढलें तशी यादी शिळी पडूं लागली. तेव्हां १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं त्या एका वहीच्या जागीं अनेक वह्यांची व्यवस्था सुचविली, आणि प्रत्येक वही ज्याच्या त्याच्या स्वाधीन केली. 'कॉम' या कुळांतील पहिलें नांव, 'सिंबॉलिक्स डॉट कॉम', १५ मार्च १९८५ रोजीं नोंदलें गेलें.

ही व्यवस्था चालते कशी, हें टपालाच्या पाकिटावरून सहज समजेल. पाकिटावर आपण आधीं माणसाचें नांव लिहितों, मग वाडा, मग पेठ आणि शेवटीं शहर. टपालखातें मात्र तें खालून वर वाचतें. आधीं शहर, मग पेठ, मग घर. डोमेनचेंहि तसेंच. शेवटच्या टिंबापुढचा शब्द म्हणजे शहर. आपल्या घरचें यंत्र ज्या मध्यस्थावर हें काम सोंपवितें, तो प्रथम मूळ सूचीस विचारतो, 'इन'ची वही कोणाजवळ आहे? तिकडून उत्तर मिळालें कीं त्या वहीवाल्यास विचारतो, अमुक नांवाची वही कोणाजवळ? असें विचारीत विचारीत तो आंकड्यापर्यंत पोंचतो. मूळ सूची तेरा नांवांच्या यंत्रांवर ठेविलेली आहे. तिच्या प्रती मात्र जगभर शेंकडों ठिकाणीं आहेत. हा सगळा विचारविनिमय पापणी लवण्याच्या आंत उरकतो.

आतां हिंदुस्थानाकडे वळूं. 'इन' ही दोन अक्षरें आपल्या देशास मिळालीं तीं मे १९८९ मध्यें. आणि त्यांची वही ठेवण्याचें काम आलें मुंबईस, जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे. ही संस्था १९८५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेंतून फुटून निघाली होती, आणि डॉक्टर श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख होते. देशांतील विद्यालयें व संशोधनसंस्था जोडणारें 'अर्नेट' हें जाळें १९८६ पासून आकार घेत होतें, त्याचें परदेशाकडील दार जुहूस होतें. १९८९ मध्यें तेथून अमेरिकेस जी तार जोडली गेली तिचा वेग सेकंदास ९,६०० बिट होता. आज खिशांतल्या फोनवर एखादें छायाचित्र उघडावयास क्षणभर उशीर झाला तर आपण त्रासतों. त्या वेळीं सबंध देशाच्या विद्वानांचा परदेशाशीं व्यवहार एवढ्याशा वाटेनें होत असे!

सामान्य गृहस्थास इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमामार्फत. तरीहि 'इन'चें नांव मिळविणें सोपें नव्हतें. नियम कडक होते, आणि बहुतेकांस 'को डॉट इन' अशा पोटविभागांतच जागा मिळे. २००५ च्या आरंभीं ही वही 'निक्सी' या नव्या संस्थेकडे गेली आणि दार सर्वांस खुलें झालें. तोंवर नोंदलेलीं नांवें सुमारें ७,००० होतीं. आतां तीं लाखांनीं मोजावीं लागतात.

नांवाला मोल आलें कीं तंटा आलाच. १९९९ सालीं मुंबई उच्च न्यायालयापुढें असा एक तंटा आला. 'रेडिफ' या प्रसिद्ध संकेतस्थळाच्या नांवांतील एकच रोमन अक्षर बदलून कोणी 'रॅडिफ' असें नांव घेतलें होतें. न्यायालयानें निर्णय दिला तो रेडिफच्या बाजूनें. डोमेन म्हणजे केवळ यंत्राचा पत्ता नव्हे. व्यापारचिन्हास जें संरक्षण मिळतें तेंच त्यासहि मिळालें पाहिजे, असा त्या निर्णयाचा आशय होता. पुढें २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि दुसऱ्या एका खटल्यांत हेंच तत्त्व मान्य केलें. जिलब्या मारुतीच्या शेजारीं कोणीं 'जलब्या मारुती' उभारला असता तर पुणेकरांनीं काय केलें असतें, तें सांगावयास नको!

परंतु मराठी मनुष्याची खरी अडचण निराळीच होती. हीं सारीं नांवें रोमन लिपींत लिहावयाचीं. त्या लिपींत मला, माला, माळा आणि मळा हे चारहि शब्द एकाच रूपानें उतरतात. परदेशस्थ मराठी मंडळींनीं १९९६ च्या गणेश चतुर्थीस 'मायबोली' हें संकेतस्थळ सुरू केलें, तेव्हां त्याच्या रोमन नांवांत 'ए' हें अक्षर दोनदां घातलें, तें 'मा'चा काना ऐकूं यावा म्हणून! आपल्या भाषेचें नांव घेतांना तिचा काना उसना आणावा लागावा, यांत विनोद आहे. पण विचार केला तर थोडा विषादहि आहे.

या अडचणीवरील उपायाचा मोठा भाग आपल्या पुण्यांतच घडला. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे 'सी-डॅक', हें १९८८ सालीं येथें स्थापन झालें. 'परम' महासंगणकामुळें त्याचें नांव घरोघरीं गेलें. पण त्याच्याच 'जिस्ट' नांवाच्या शाखेनें भारतीय लिप्या यंत्रावर बसविण्याचें जें काम चिकाटीनें केलें, त्याचा बोलबाला त्या मानानें झाला नाहीं. भारतीय लिप्यांच्या संकेतांचें राष्ट्रीय मानक १९९१ सालीं ठरलें. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीहि त्याच परंपरेंतली. पुढें देवनागरींत डोमेन देण्याची वेळ आली तेव्हां त्याचे भाषाविषयक नियम ठरविण्यांत सी-डॅकचा हात होता. २७ ऑगस्ट २०१४ रोजीं 'डॉट भारत' हें देवनागरी कुळ सुरू झालें. त्यांत हिंदी व मराठीबरोबर कोंकणी, मैथिली, डोगरी, बोडो, नेपाळी आणि सिंधी या भाषांचीहि सोय आहे. योगायोगानें जुहूची ती जुनी संस्थाहि या शतकाच्या आरंभीं सी-डॅकमध्येंच विलीन झाली होती.

येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपण 'भारत' असें लिहितों. पण जुनीं यंत्रें रोमन अक्षरें, आंकडे व आडवी रेघ यांपलीकडे कांहीं जाणत नाहींत. म्हणून २००३ सालीं ठरलेल्या एका रीतीनें प्रत्येक देवनागरी नांवाचें गुपचूप रोमन रूपांतर होतें. आरंभीं 'एक्स' व 'एन' हीं अक्षरें, मग दोन आडव्या रेघा, आणि पुढें 'एच-दोन-बी-आर-जे-नऊ-सी'. हा झाला यंत्राच्या भाषेंतला 'भारत'! दारावरची पाटी मराठी आणि दप्तरांतली नोंद परक्या लिपींत, हा अनुभव आपल्या पूर्वजांस नवा नव्हता. तो येथेंहि चुकला नाहीं.

आणि आतां ज्या एका अक्षरासाठीं हें भाषण करण्याचें मनांत आलें, त्याकडे वळतों. सासवड-जेजुरीकडे वाहणारी कऱ्हा नदी आपणांस ठाऊक आहे. तिच्या नांवांतील 'ऱ्ह' उच्चारून पाहा; मग 'अर्हता' शब्दांतील 'र्ह' उच्चारा. पहिल्यांत 'र' अगदीं हलका निसटतो, दुसऱ्यांत मागील अक्षरावर आघात येतो. 'आचार्यांना' म्हणजे गुरूंना, आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. हा भेद मराठींत त्या आडव्या चंद्राकार 'र'वर उभा आहे. हिंदीस त्याची गरज नाहीं. यंत्रावर हा 'र' दोन रीतींनीं उमटवितां येतो. एका रींतींत एक अदृश्य जोडचिन्ह वापरावें लागतें. जें डोळ्यांस दिसत नाहीं तें नांवांत येऊं दिलें, तर दिसावयास सारखीं पण वस्तुतः भिन्न अशीं दोन नांवें निर्माण होतील, आणि ठकांचें फावेल. म्हणून जगाच्या मूळ सूचीकरितां देवनागरीचे जे नियम २०१९ सालीं सिद्ध झाले त्यांत त्या अदृश्य चिन्हास प्रवेश मिळाला नाहीं. मग कऱ्हेनें जावें कोठें? त्यासाठीं खालीं टिंब असलेला 'ऱ' ठेवून घेण्यांत आला, आणि तोहि अशा जोडाक्षरापुरताच. एका अक्षराची ही वकिली कोणा तरी जाणत्यांनीं केली म्हणून मराठीचा उच्चार शाबूत राहिला. ती झाली नसती तर आपला 'आचारी' केव्हांच 'आचार्य' होऊन बसला असता!

नांव मिळालें, पण बिऱ्हाडाचें काय? डोमेन ही केवळ पाटी आहे. संकेतस्थळावरील मजकूर, चित्रें, पत्रें कोठल्या तरी यंत्रावर प्रत्यक्ष नांदावीं लागतात. त्यास 'होस्टिंग' म्हणतात, आणि तें बहुधा भाड्याचें असतें. पुण्याच्या जुन्या वाड्यांत एका चौकाभोंवतीं दहा बिऱ्हाडें असत, नळ एक आणि दरवाजा एक. स्वस्त होस्टिंगची तऱ्हा नेमकी तीच. एका यंत्रावर शेंकडों संकेतस्थळें, आणि एकानें गर्दी जमविली कीं बाकीच्यांच्या नळास पाणी नाहीं! अमेरिकेंत 'जिओसिटीज' नांवाची अशीच एक फुकट वसाहत होती. तिच्यांत पेठांसारखे भाग पाडलेले असून प्रत्येक रहिवाशास घरक्रमांक मिळे. ऑक्टोबर २००९ मध्यें मालकानें ती वसाहत मोडली. कांहीं हौशी मंडळींनीं धांवपळ करून पुष्कळ पानें उतरवून ठेविलीं. उरलीं तीं गेलीं.

पाटीहि भाड्याचीच. डोमेन कोणी विकत घेत नाहीं. ठराविक वर्षांचा तो पट्टा असतो. 'कॉम'च्या कुळांत मुदत टळल्यावर कांहीं दिवस सवलतीचे मिळतात, त्यापुढें ३० दिवस जबर आकार भरून नांव सोडवितां येतें, आणखी ५ दिवस तें अधांतरीं राहतें. मग कोणाहि वाटसरूनें तें घ्यावें. आपल्याकडे वाचनालयें, शाळा, मंडळें यांचीं संकेतस्थळें एखाद्या उत्साही तरुणाच्या नांवावर नोंदलेलीं असतात. तो नोकरीनिमित्त परगांवीं जातो, सूचनेचीं पत्रें त्याच्या सोडून दिलेल्या पत्त्यावर येत राहतात, आणि एके दिवशीं संस्थेच्या पाटीखालीं भलत्याच मालाचें दुकान दिसूं लागतें. ज्यांचा अशा संस्थांशीं संबंध आहे त्यांनीं वही कोणाच्या नांवावर आहे आणि मुदत केव्हां संपते, एवढें उद्यां सकाळीं अवश्य विचारावें.

श्रोते हो, नांवांचा इतिहास पुण्यास नवा नाहीं. आजची रविवार पेठ पूर्वीं मलकापूर होती, शनिवार पेठ मुर्तझाबाद होती. औरंगजेबानें १७०३ सालीं आपल्या मृत नातवाच्या स्मरणार्थ मुहियाबाद वसविलें. तीच आपली बुधवार पेठ. बादशहाचा हुकूम होता, दप्तरीं नोंद होती; तरी तें नांव लोकांच्या तोंडून गेलें आणि पुसलें गेलें. उलट पासोड्या विठोबास कोणाची सनद नव्हती, तरी तो टिकला. कारण रोज कोणी तरी ती वाट विचारीत होतें. देवनागरी डोमेनास आज सनद मिळाली आहे, नियम झाले आहेत, आपला चंद्राकार 'र'हि त्यांत सुखरूप आहे. परंतु अजून कित्येक ठिकाणीं देवनागरी पत्ता लिहिला कीं यंत्र तो अशुद्ध म्हणून परत करतें, आणि आपण मुकाट्यानें रोमन पत्ता लिहून देतों. मुहियाबाद व्हावयाचें कीं पासोड्या विठोबा, हें यापुढें नियम करणाऱ्यांच्या हातीं नाहीं. तें वाट विचारणाऱ्यांच्या, म्हणजे आपल्या, हातीं आहे.