नुसती जोडणी नव्हे

लिनक्सच्या एक्स्ट-फोर फाइलसिस्टिममध्ये फाइलनावांचे एन्क्रिप्शन २०१५ पासून आहे. कॅपिटल-स्मॉल भेद न मानता नाव शोधण्याची सोय २०१९ मध्ये, ५.२ आवृत्तीत आली. अँड्रॉइडला एकाच डिरेक्टरीत दोन्ही हवे होते. यावर सहज ऐकू येणारे मत असे, की दोन्ही भाग पारखलेले आहेत, त्यांना एकत्र आणणारा पॅच म्हणजे नुसती जोडणी; रिव्ह्यूत लॉकिंग आणि मेमरी पाहिली की झाले. (लिनस टोरवाल्ड्सना भेद न मानण्याचा प्रकारच मुळात अमान्य आहे, तो वाद निराळा.)

जोडणीच असती, तर ती एक्स्ट-फोरमध्ये यायला २०२१ उजाडले नसते.

एन्क्रिप्टेड डिरेक्टरीत शोध घेताना कर्नल डिस्कवरची नावे उलगडत बसत नाही. मागितलेले नावच एन्क्रिप्ट करून बाइटला बाइट ताडून पाहतो. एका डिरेक्टरीत तेच नाव दर वेळी त्याच बाइटांत उतरते, म्हणून हे जमते. पण एक अक्षर कॅपिटलचे स्मॉल झाले की सांकेतिक रूप जुळत नाही. म्हणजे प्रत्येक संभाव्य नाव उलगडूनच पाहायला हवे. ते टाळायला नावाचा हॅश: तो जुळेल तेवढीच नावे उलगडायची. आणि खरी मेख तिथे आहे. पूर्वी हॅश सांकेतिक बाइटांवरून काढत, त्याला किल्ली लागत नसे. आता तो भेद पुसलेल्या मूळ नावावरून काढावा लागतो. साधा हॅश डिस्कवर ठेवला, तर चोर अंदाजाने नावे पडताळून पाहील. म्हणून डिरेक्टरीगणिक वेगळ्या गुप्त किल्लीचा सिपहॅश आला. पण किल्ली नसतानाही फाइल पुसता आली पाहिजे, आणि तेव्हा हॅश काढायचा कसा? म्हणून तो प्रत्येक नोंदीत नावाशेजारीच लिहून ठेवला. डिस्कवरचा आराखडा बदलणाऱ्या पॅचला जोडणी म्हणायचे, तर शब्दांना अर्थच राहत नाही.

‘पारखलेले भाग’ हेही तपासून घ्यावे. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल नाही, तरी अशा डिरेक्टरीत आपली नावे सुटत नाहीत. कर्नलचा युनिकोड तक्ता नावे ताडताना काही अदृश्य चिन्हे गाळतो, त्यांत झीरो-विड्थ जॉइनरही आहे. त्यामुळे समुद्राचा ‘दर्या’ आणि जॉइनर घालून लिहिलेल्या डोंगरातल्या ‘दर्‍या’ हे त्याच्या लेखी एकच नाव! ‘ऱ’ वापरून लिहिलेल्या ‘दऱ्या’ मात्र वेगळ्या राहतात, कारण त्यातला नुक्ता गाळला जात नाही. ही चूक दुरुस्त करणारा बदल केला गेला आणि २०२४ च्या अखेरीस टोरवाल्ड्सनी तो मागे घेतला. जुन्या नियमाने काढलेले हॅश डिस्कवर होते. नवा नियम लावताच नावात अशी चिन्हे असलेल्या फाइली सापडेनाशा होत.

साध्या डिरेक्टरीत निदान दुरुस्ती-साधन हॅश नव्याने मोजून अनुक्रमणिका पुन्हा बांधू शकते. एन्क्रिप्टेड डिरेक्टरीत त्याच्याकडे किल्ली नसते; नोंदीत लिहिलेला आकडा खरा मानण्यावाचून त्याला गत्यंतर नाही.