माणदेशातील परसबाग : गादीवाफा किती उंच असावा?

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येणाऱ्या साताऱ्यातील माण आणि सांगलीतील आटपाडी, जत या तालुक्यांत वर्षाकाठी साधारण ५०० मिलिमीटर किंवा त्याहून कमी पाऊस पडतो. महाबळेश्वरात तो ५,००० मिलिमीटरहून अधिक असतो. त्यामुळे भाजीपाल्याच्या गादीवाफ्याला एकच मोजमाप लागू पडत नाही. अतिपावसात, तसेच कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत मुळांशी पाणी साचू नये म्हणून वाफा २० ते ३० सेंटिमीटर उंच करावा. माणदेशात मात्र उंच वाफा लवकर सुकतो. तेथे १० ते १५ सेंटिमीटर पुरेसे होतात. वाफा एक मीटर रुंद ठेवून मातीत कुजलेले शेणखत मिसळावे. बाष्पीभवन रोखण्यासाठी उसाच्या पाचटाचे आच्छादन घालून ठिबकने पाणी द्यावे. उन्हाळ्यात पुरेल एवढ्या पाण्याचा अंदाज घेऊनच वाफ्यांची संख्या ठरवावी.