कोल्हापूरचा पूर आणि पुण्याचें गणित

कोल्हापूरकराला पुराची वार्ता आभाळ देत नाहीं, ती राजाराम बंधाऱ्यावरची मापनपट्टी देते. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे दोन आंकडे येथल्या शाळकरी मुलांनाहि पाठ असतात. २०१९ च्या ऑगस्टांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. पुढें दोनच वर्षांनीं, २०२१ च्या जुलैअखेर, शेतकरी ज्याला 'म्हातारा पाऊस' म्हणतात त्या पुष्य नक्षत्रांत, तें ५६ फुटांच्याहि वर चढलें. अशा दिवसांत कधीं कधीं एक चमत्कारिक दृश्य दिसतें. शहरावरचें आभाळ फांकलेलें असतें, रंकाळ्यावर ऊन पडलेलें असतें, आणि पंचगंगेचें पाणी मात्र एकेक गल्ली गिळीत पुढें सरकत असतें. 'उघडीप पडली, आतां भय नाहीं' असें म्हणून जो निर्धास्त झोंपतो त्याची फसगत होते.

याचें कारण असें कीं, कोल्हापूरला बुडविणारा पाऊस बहुतांशीं कोल्हापुरांत पडतच नाहीं. रस्त्यानें पंचावन्न किलोमीटर पश्चिमेस गेलें कीं ऐन घाटमाथ्यावर गगनबावडा लागतो. तेथें वर्षाला सरासरीनें सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोल्हापूर शहरांत हजाराच्या आसपास, आणि पूर्वेस शिरोळकडे त्याच्याहि निम्म्याच्या जवळपास. एकाच जिल्ह्यांत चेरापुंजीची आठवण व्हावी असा प्रदेश आणि पावसासाठीं डोळे लावून बसणारा प्रदेश शेजारीं शेजारीं नांदतात! कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या तें घाटावरचें पाणी गोळा करून प्रयाग चिखलीपाशीं आणतात. तेव्हां चिखली-आंबेवाडीच्या शेतकऱ्यानें म्हशी केव्हां सोडावयाच्या, धान्याचीं पोतीं केव्हां हलवावयाचीं, हें त्याच्या डोक्यावरच्या ढगांकडे पाहून ठरत नाहीं. डोळ्यांना न दिसणारा पाऊस आधीं गणितानें पाहावा लागतो. त्या गणिताचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

आपल्या इकडे हवेचे वेध घेण्याची विद्या तशी जुनी. मुंबईस कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालीं स्थापन झाली, आणि केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या महाराष्ट्रीय गणित्यानें ऐन तारुण्यांत तेथें काम केलें. १८७५ मध्यें सरकारचें हवामानखातें निघालें. १९०४ पासून त्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनीं जगभरच्या वायुभाराचे व पावसाचे आंकडे ताडून मोसमी पावसाचें भाकित करण्याचा उद्योग केला. तो उद्योग थोर खरा. परंतु त्यांतून सबंध हिंदुस्थानचा हंगाम कसा जाईल एवढेंच कळावयाचें, कुंभीच्या खोऱ्यांत उद्यां काय होईल तें नव्हे. १९२८ सालीं या खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें. पुणेकर त्या इमारतीला आजहि 'सिमला ऑफिस' म्हणतात. ठाणें पुढें दिल्लीस गेलें, नांव मात्र पुण्यांत राहिलें.

दिवसादिवसाचें भाकित गणितानें कसें करावें, ही कल्पना बाहेरून आली. वातावरणाचे चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनांतील वारा, उष्मा, बाष्प व वायुभार लिहून घ्यावयाचा, आणि गतिशास्त्राच्या नियमांनीं थोड्या वेळानंतरची स्थिति काढावयाची, अशी ती रीत. रिचर्डसन नांवाच्या इंग्रज शास्त्रज्ञानें पहिल्या महायुद्धांत, फ्रान्समध्यें जखमींची ने-आण करणाऱ्या पथकांत असतां, २० मे १९१० या दिवसाचें असें गणित हातानें सोडविलें. सहा तासांत वायुभार १४५ मिलिबारांनीं वाढेल असें उत्तर निघालें. प्रत्यक्षांत तो जवळजवळ हललाच नव्हता. रिचर्डसननें हें फजितीचें उत्तर १९२२ च्या आपल्या ग्रंथांत जसेंच्या तसें छापलें. त्या ग्रंथांतील सर्व समीकरणांपेक्षां मला हाच त्याचा मोठेपणा वाटतो. पुढें १९५० मध्यें अमेरिकेंत एनिॲक या गणकयंत्रावर तीच रीत चालविली आणि ती साधली. चोवीस तासांचें भाकित काढावयास जवळजवळ चोवीसच तास लागले, हा भाग निराळा.

आतां पुन्हां सह्याद्रीकडे वळूं. १७ नोव्हेंबर १९६२ रोजीं पुण्यांत उष्णकटिबंधीय हवामानाच्या संशोधनाची संस्था निघाली, आणि दुसऱ्याच दिवशीं कोल्हापुरांत शिवाजी विद्यापीठ उभें राहिलें, योगायोग म्हणावयाचा. पुण्याच्या त्या संस्थेंतील आर. पी. सरकार यांनीं १९६६ मध्यें घाटावरच्या पावसाचें एक गतिशास्त्रीय प्रतिमान प्रसिद्ध केलें. मुंबई ते पुणें असा डोंगराचा उभा छेद घेऊन त्यांनीं प्रश्न घातला: समुद्रावरून आलेली बाष्पानें भरलेली हवा या भिंतीवर आदळून वर चढते, तेव्हां ती कोठें किती वेगानें चढेल, आणि थंड होतांना किती पाणी टाकील? कोंकणांतून माथ्याकडे पाऊस कसा वाढत जातो, शिखराच्या थोडें अलीकडेच तो कसा परमावधीस पोंचतो, आणि मागें देशावर कसा झपाट्यानें ओसरतो, हें चित्र त्या गणितांतून उमटलें. त्याच वर्षीं पी. व्ही. जोसेफ व पी. एल. रामन यांनीं दाखवून दिलें कीं, जुलैमध्यें दक्षिण हिंदुस्थानावर सुमारें दीड किलोमीटर उंचीवरून पश्चिमेचा एक वेगवान वायुप्रवाह वाहतो. एकानें वाऱ्याची नदी सांपडविली, दुसऱ्यानें त्या नदीच्या वाटेंतल्या बांधाचा हिशेब मांडला.

परंतु डोंगर तर सदाचाच तेथें आहे. मग आठ दिवस धुमाकूळ आणि पुढचे आठ दिवस उघडीप, असें कां? या कोड्याचें एक उत्तर एका मराठी विदुषीनें शोधलें. सुलोचना गाडगीळ १९४४ मध्यें पुण्यांत जन्मल्या, हार्वर्ड येथें डॉक्टर झाल्या, १९७१ मध्यें परत येऊन प्रथम पुण्याच्या त्याच संस्थेंत आणि १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत त्यांनीं काम केलें. डी. आर. सिक्का यांच्याबरोबर त्यांनीं १९७३ ते १९७७ या पांच वर्षांतील एप्रिल ते ऑक्टोबर या महिन्यांचीं उपग्रहांनीं घेतलेलीं ढगांचीं चित्रें दिवसागणिक तपासलीं. काम किती कंटाळवाणें असेल याची कल्पना करा! त्यांतून १९८० मध्यें असें सिद्ध झालें कीं, विषुववृत्तानजीकच्या उबदार समुद्रावर ढगांचे पट्टे जन्मतात आणि कांहीं आठवड्यांच्या अंतरानें उत्तरेकडे सरकत येऊन भूमीवरच्या पट्ट्याला नवें बळ देतात. गाडगीळबाई २०२५ च्या जुलैमध्यें, ऐन पावसाळ्यांत, निवर्तल्या.

१९८८ मध्यें दिल्लीस मध्यम मुदतीच्या भाकिताचें केंद्र निघालें आणि क्रे नांवाचें महागणकयंत्र आलें. नव्वदीच्या दशकांत तेथल्या प्रतिमानांत चौकोनाची बाजू सुमारें दीडशें किलोमीटर होती. म्हणजे काय झालें तें पाहा. रत्नागिरीचा किनारा, गगनबावड्याचा कडा आणि कोल्हापूरची पेठ, सारें मिळून एकाच घरांत! त्या घराला उंची एक, पाऊस एक. उभा सह्याद्रि यंत्राच्या लेखीं शेताच्या बांधाएवढा सपाट झाला. गणित चुकलें नव्हतें, त्याची दृष्टि जाड होती. २०१८ मध्यें ही बाजू १२ किलोमीटरांवर आली, तेव्हां गगनबावडा आणि कोल्हापूर यांच्यामध्यें सरळ रेषेंत चार घरें बसूं लागलीं. मे २०२५ मध्यें पुण्याच्या संस्थेनें तयार केलेली भारत भाकित प्रणाली ६ किलोमीटरांची निघाली, तेव्हां आठ बसलीं.

म्हणून पूर टळला, असें कोणी समजूं नये. सुटा ढग सहा किलोमीटरांहूनहि लहान असूं शकतो. शिवाय पाऊस कळला म्हणजे नदी कळली असें नव्हे. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या पातळीनें आपोआप उघडतात, कोणाच्या भाकिताची वाट पाहत नाहींत. आणि भाकित खरें कीं खोटें हें शेवटीं ठरवावयाचें कशावरून? गगनबावड्यास रोज सकाळीं साडेआठ वाजतां पर्जन्यमापकांतलें पाणी मोजतात त्यावरून. तें मापक गांवांत, वस्तीजवळ, माणसाचा हात पोंचेल अशा जागीं असतें. ज्या रानांतून कुंभी आणि कासारी उगम पावतात तेथल्या कड्यांवर नेमका किती पाऊस पडला, हें ताडण्यास अजून पुष्कळदां गणितच वापरावें लागतें.