सहा देशांचं सुवर्ण

१९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत भारताला एकच सुवर्णपदक मिळालं, ते कबड्डीचं. त्यासाठी खेळले किती देश? सहा. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, नेपाळ, चीन आणि जपान. ‘सहा देशांत कसली आलीय आशियाई स्पर्धा!’ ही थट्टा मी कट्ट्यावर कितीदा तरी ऐकली आहे. मी सोलापूरचा, गिरण्यांच्या गावातला. या थट्टेचं उत्तर मला सापडलं ते एका परक्या खेळात, रग्बी लीगमध्ये.

आपण टीव्हीवर बघतो ती रग्बी बहुतेकदा ‘युनियन’. लीग ही तिच्यातून फुटून निघालेली. इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरमध्ये लोकरीच्या गिरण्या, लँकेशायरमध्ये सुती, शिवाय कोळशाच्या खाणी. तिथले कामगार रग्बी खेळायचे. पण शनिवारचा सामना म्हणजे कामाला खाडा आणि खाडा म्हणजे पगार कापला. क्लब म्हणाले, बुडालेली मजुरी तेवढी भरून देऊ. लंडनच्या साहेबांना ते पटेना. खेळ हौसेचा, पैशाचा नव्हे! (घरचं बरं असलं की हौसेच्या गप्पा सुचतात.) २९ ऑगस्ट १८९५ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वीसेक क्लब जमले आणि वेगळे झाले. आमची जुनी मिल १८७७ची. खाड्याचा हिशेब सोलापूरला कुणी समजावून सांगायला नको.

१९०६मध्ये त्यांनी संघ पंधराचा तेराचा केला. पकडला गेलेला खेळाडू उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो आणि डाव पुढे चालू. आज अशा सहा पकडी झाल्या की चेंडू समोरच्यांचा. पकड म्हणजे काय हे ज्याला कळतं, त्याला हा खेळ दहा मिनिटांत कळतो.

या खेळाचा पहिला विश्वचषक १९५४मध्ये फ्रान्समध्ये झाला. देश चार! फ्रान्स, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. पॅरिसच्या अंतिम सामन्यात ब्रिटनने यजमानांना १६-१२ असं हरवलं. साहेबांच्या युनियनला स्वतःचा विश्वचषक भरवायला १९८७ उजाडलं. म्हणजे चार देशांचा का होईना, रग्बीचा पहिला विश्वचषक कामगारांच्या खेळाचा.

कबड्डीचं याहून वेगळं काय झालं? आपल्याकडे हुतूतू, बंगालात हाडुडू, आमच्या पूर्वभागातल्या तेलुगू विणकरांच्या भाषेत चेडुगुडु. नावं अनेक आणि नियमही गावागणिक निराळे. ते एका साच्यात बसवायला मराठी माणसांनीच आयुष्यं खर्ची घातली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिकडे जाऊन आपले खेळ दाखवले. मुंबईच्या गिरणगावात तर कबड्डी म्हणजे चाळीचा श्वास. गिरण्यांचे स्वतःचे संघ होते आणि चांगल्या चढाईवर पोराला नोकरी लागायची. म्हणजे लंडनकरांनी जे नाकारलं, ते परळ-लालबागने गाजावाजा न करता करून टाकलं.

मग १९८०मध्ये कोलकात्यात पहिली आशियाई कबड्डी स्पर्धा झाली, १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रदर्शनी सामने झाले आणि त्यानंतर बीजिंग. सहा देश कमीच, पण १९९०मध्ये सहाच्या ठिकाणी सोळा कुठून आणायचे? शेजाऱ्यांना बोलवायचं, पुन्हा बोलवायचं, हरून जातील त्यांना पुढच्या वेळीही बोलवायचं. २००४मध्ये मुंबईत विश्वचषक झाला, तेव्हा अंतिम सामन्यात समोर इराण होता. भारत ५५-२७ने जिंकला. २००७मध्ये पनवेलला पुन्हा इराणच, या वेळी २९-१९. फरक किती घटला बघा.

२०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये इराणच्या पुरुषांनी भारताला उपांत्य फेरीतच २७-१८ने बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही भारत २४-२७ने हरला. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन.