शोधनिबंधाचा कच्चा मसुदा

शोधनिबंधाचा कच्चा मसुदा म्हणजे संशोधनातून हाती आलेली माहिती प्रथमच सलग वाक्यांत मांडणारे लेखन. तो सहलेखक व मार्गदर्शक यांच्यापुरताच असतो. भाषेची सफाई त्यात अपेक्षित नसते. युक्तिवाद कोठे तुटतो हे दिसले की त्याचे काम झाले.

लेखनाचा क्रम

छापील निबंधात प्रस्तावना, पद्धती, निरीक्षणे व चर्चा असा क्रम असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो विज्ञान-नियतकालिकांत सर्वत्र रूढ झाला. मसुदा मात्र याच क्रमाने लिहावा लागत नाही. किंबहुना प्रस्तावनेपासून आरंभ करणारे बहुधा पहिल्याच पानावर अडखळतात. सर्वांत सोपा भाग पद्धतींचा, कारण तेथे केलेले काम तेवढे सांगायचे असते. उदाहरणार्थ, धाराशिव जिल्ह्यातील वाशी परिसरात विहिरींच्या पाण्यातील क्षारांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने नमुने कोणत्या गावातून, पावसाळ्यापूर्वी की नंतर घेतले, ते कशात साठवले आणि कोणत्या उपकरणाने तपासले, हे काम चालू असतानाच लिहून काढावे. सहा महिन्यांनंतर वहीतील ‘वि. ३’ म्हणजे नेमकी कोणती विहीर, हे त्यालाही आठवत नाही. त्यानंतर कोष्टके व आलेख क्रमाने लावून प्रत्येकाखाली त्यातून काय दिसते ते एकदोन वाक्यांत लिहिले की निरीक्षणांचा भाग उभा राहतो. मग चर्चा, प्रस्तावना आणि अखेरीस सारांश.

मध्यवर्ती विधान

मसुद्यापूर्वी संपूर्ण संशोधनाचे सार एका वाक्यात लिहून पाहणे उपयुक्त ठरते. देवळालीचे शालेय शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ या संख्येवरील निबंध १९५५ मध्ये ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा गाभा असा सांगता येतो : सर्व अंक समान नसलेल्या चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत गेल्यास सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते. (३५२४ घेतल्यास ३०८७, ८३५२, ६१७४.) असे वाक्य जमत नसेल, तर अडचण बहुधा भाषेची नसून विश्लेषणाची असते.

भाषा आणि उसनवारी

निबंध इंग्रजीत द्यावयाचा असला, तरी मसुदा मराठीत लिहिण्यास कोणतीच आडकाठी नाही. इंग्रजी वाक्ये सुचत नाहीत म्हणून इतरांच्या निबंधांतील परिच्छेद ‘तात्पुरते’ उतरवून घेणे मात्र धोक्याचे आहे. ते अंतिम प्रतीत तसेच राहून जातात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाही. त्यापुढे साम्याच्या प्रमाणानुसार कारवाई होते.