हवेच्या रायफलीची कुळकथा

साष्टीच्या रानात एके काळी शिकार सर्रास चाले. विहार तलावाच्या भागात 1929 साली वाघ मारला गेल्याची नोंद आहे. आज त्याच डोंगरांवर संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशभरातली हौशी शिकार संपवली. ती संपली हे उत्तमच झालं. शिकारीसाठी कोणती रायफल घ्यावी, हा प्रश्न बोरिवली-मुलुंडच्या माणसापुरता तेव्हाच निकालात निघाला. चाप ओढला की गोळी सुटते आणि पुढची आपोआप नळीत चढते, ती अर्धस्वयंचलित रायफल सामान्य नागरिकाला इथे सहसा मिळतही नाही. उरली नेमबाजी. तिथे आपल्याकडे जी रायफल घट्ट रुजली, ती दारूवर नव्हे, हवेवर चालते.

तिचं कूळ मात्र लढाऊ आहे. 1780 च्या सुमारास जिरार्दोनी नावाच्या टिरोलच्या कारागिराने ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी हवेची रायफल घडवली. तिचा दस्ता हीच हवेची टाकी. ती भरायला हाताने हजारावर वेळा पंप मारावा लागे. पण एकदा भरली की वीसेक गोळ्या झटपट, एकामागून एक झाडता येत आणि धुराचा मागमूस नसे. इतर शिपाई तेव्हा ठासणीच्या बंदुकीत दारू कोंबत उभे असत, हे लक्षात घेतलं म्हणजे या करामतीचं मोल कळतं. 1804 साली अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्याजवळही हवेची रायफल होती. पण टाक्या नाजूक होत्या, दुरुस्तीला कसबी हात लागत. सैन्याने ती सोडून दिली.

मग ती पोरांच्या हाती आली. छऱ्याची बंदूक म्हणून जत्रेत आणि जुहू चौपाटीवर फुगे फोडू लागली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईतल्या एका शाळकरी पोराने अशाच बंदुकीने एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून तो चक्रावला आणि तिची ओळख पटवायला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी त्याच्यापुढे पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडली. तो पोरगा म्हणजे पुढचे पक्षितज्ज्ञ सालिम अली.

खेळ म्हणून नेमबाजीला आपल्याकडे घर मिळालं 1951 साली. लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळणकर यांच्या पुढाकाराने नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नव्या नेमबाजांचा उंबरठा आहे. 1984 साली लॉस एंजेलिसला हवेची रायफल ऑलिंपिकमध्ये दाखल झाली. अंतर 10 मीटर, छरा 4.5 मिलिमीटरचा आणि दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा. छरा दर वेळी हाताने, एकच भरायचा. जिरार्दोनीने कमावलेला वेग खेळाने मुद्दाम टाकून दिला, आणि मला या कुळातली हीच सर्वांत मोठी घडामोड वाटते. दोन बारांच्या मधला श्वास हाच इथे खेळ आहे.

एनसीसीतून आलेली अंजली वेदपाठक, पुढची अंजली भागवत, वरळीच्या रेंजवर संजय चक्रवर्तींच्या हाताखाली घडली. 2000 साली ती सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली, 2003 साली मिलानला वर्ल्ड कप फायनल जिंकली. मुलुंडचा नाका ओलांडला की ठाणं. तिथला रुद्रांक्ष पाटील 2022 साली कैरोत याच प्रकारात जगज्जेता झाला.

रायफल निवडताना किमतीआधी दस्ता पाहावा. तो खांद्याला आणि गालाला असा बसला पाहिजे की डोळा आपोआप माशीच्या रेषेत येईल. स्पर्धेत वजनाची मर्यादा साडेपाच किलोची आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर एवढा भार टाकू नये. हवेच्या सिलिंडरवर मुदत छापलेली असते, ती उलटली की तो वापरायचा नाही. दाबाच्या हवेजवळ तेल नेऊ नये, पेट घेण्याचा धोका असतो. आपल्या पावसाळ्यात धातूवरचा घाम लगेच पुसावा आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. छरे शिशाचे असतात, म्हणून हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नये. 20 जूलपेक्षा जास्त जोर नसलेल्या 4.5 मिलिमीटरच्या रायफलीला शस्त्रपरवाना लागत नाही. म्हणून काही ती खिडकीतून पाखरांवर रोखायची नसते; ती खेळणं नव्हे आणि तसं करणं गुन्हा आहे.

या खेळाला डोंगर लागत नाही, मैदानही लागत नाही. मागे भक्कम आडोसा, जाणता प्रशिक्षक आणि 10 मीटरला पुरेल एवढी लांब बंद खोली, एवढ्यावर रेंज उभी राहते. अंधेरी-घाटकोपरच्या किती शाळांची सभागृहं संध्याकाळी कुलूपबंद असतात! संस्थाचालकांनी त्यांतलं एखादं तरी नेमबाजी शिकू पाहणाऱ्या मुलांसाठी उघडावं.