वावडे आणि ऑनलाइन खरेदी

वावडे म्हणजे अंगाला न मानवणारा पदार्थ. वैद्यकातल्या ‘ॲलर्जी’ या शब्दाचा अर्थ याहून नेमका आहे: एरवी निरुपद्रवी असलेल्या पदार्थावर शरीराची प्रतिकारयंत्रणा तुटून पडते आणि अंगावर पित्त उठण्यापासून श्वास कोंडण्यापर्यंत काहीही होऊ शकते. दुकानात पुडा उलटून मागची बाजू वाचता येते. मोबाइलवर मागवताना ती दिसेलच असे नाही.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांत ॲलर्जीकारक पदार्थांचे ८ गट आहेत: ग्लुटेन असलेली तृणधान्ये, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व काजू-बदामांसारखी कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा अधिक सल्फाइट. लेबलवरची बंधनकारक माहिती ऑनलाइन विक्रीत ग्राहकाला खरेदीपूर्वी मिळाली पाहिजे, असेही हे नियम सांगतात.

मात्र हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरे. मराठीची सक्ती नाही. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला सोयाबीन कुणाला ओळखायला शिकवावे लागत नाही. पण घटकांच्या यादीत ते ‘लेसिथिन’ किंवा ‘आयएनएस ३२२’ या नावाआड असू शकते. दूध ‘केसिन’ किंवा ‘व्हे’ होऊन येते, जव ‘माल्ट’ होऊन. ज्याच्या घरात वावडे आहे त्याने आपल्या एकाच पदार्थाची ही टोपणनावे मराठीत लिहून जवळ ठेवली, तर लांबलचक यादीही दोन मिनिटांत चाळता येते.

फसगत बहुधा ओळखीच्या वस्तूंतच होते. बांधानी म्हणजे मिश्र हिंगात बऱ्याचदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, त्यामुळे गहू वर्ज्य असलेल्या माणसाला वरणाची फोडणीही बाधू शकते. लॅक्टोजमुक्त दुधातली लॅक्टोज ही साखर बहुधा फोडलेली असते, प्रथिने तशीच राहतात. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ते चालत नाही. हिरवा ठिपका अंडी आणि मासे नसल्याचे सांगतो, दुधाबद्दल काहीच सांगत नाही. ‘ग्लुटेनमुक्त’ या शब्दामागे मात्र मोजमाप आहे: किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको.

तीळ वरच्या ८ गटांत नाही. संक्रांतीच्या मुलखात ही उणीव मोठीच म्हणायची. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून लेबलवर तिळाचा उल्लेख बंधनकारक झाला. इंग्लंडमध्ये विकत घेतलेल्या पावातल्या तिळाने २०१६ साली एका १५ वर्षांच्या मुलीचा जीव गेला. पुढे तिच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा तिथे १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला. आपल्याकडे तिळाचे वावडे असणाऱ्याने ठळक इशाऱ्यावर न थांबता घटकांची पूर्ण यादी वाचायला हवी.

संकेतस्थळावरचे वर्णन विक्रेत्याने भरलेले असते आणि पाककृती बदलली तरी ते जुनेच राहू शकते. म्हणून वर्णनापेक्षा पुड्याच्या मागच्या बाजूचे छायाचित्र भरवशाचे, त्याहून उत्पादकाचे स्वतःचे उत्तर, आणि सर्वांत भरवशाचा हातात आलेला पुडा. तो फोडण्याआधी दर वेळी नव्याने वाचावा, मागच्या महिन्यात तोच मागवला असला तरी. इतर ग्राहकांच्या ‘आम्हाला काही झाले नाही’ या अभिप्रायाला इथे काडीचीही किंमत देऊ नये. १०० चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या लहान पुड्यांना घटकांची यादी छापण्यातून सूट आहे. तिथे ते ज्या मोठ्या वेष्टनातून येतात त्यावरची यादी पाहावी.

बचत गटांच्या चटण्या, लाडू आता फोनवरूनही मागवले जातात. अशा वेळी करणाऱ्या बाईंनाच विचारता येते: ताई, शेंगदाण्याचे कूट आणि ही जवसाची चटणी एकाच मिक्सरमध्ये वाटता का? छापील लेबलवर ‘अंश असू शकतो’ एवढेच लिहिलेले असते. इथे कोणते भांडे, कोणत्या दिवशी, आधी काय वाटले होते, हेही कळते. माहिती दडवली किंवा चुकीची दिली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी वेष्टन, बिल आणि खरेदीच्या वेळच्या पानाचे छायाचित्र जपून ठेवावे.